हलका बाण हरणाच्या कानाला हरवत नाही

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांत एक समज घट्ट रुजलाय: बाण हलका असला की वेग वाढतो आणि हरणाला सावध व्हायला वेळच मिळत नाही.

हे चूक आहे. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो, वेगवान बाण साधारण ३००. म्हणजे ६० फुटांवर बाण पोचायला ०.२ सेकंद लागतात, दोरीचा आवाज त्याच्या पाव वेळात पोचतो. दचकलेलं हरीण उडी मारण्याआधी खाली दबतं, बाण भलतीकडे लागतो आणि जनावर जखमी होऊन तडफडतं. मला हेच सर्वांत क्लेशकारक वाटतं.

जड बाण धनुष्याची जास्त ऊर्जा उचलतो. त्यामुळे धनुष्य कमी वाजतं, बाणही खोल शिरतो. मात्र तो लवकर खाली येतो, म्हणून अंतराचा अंदाज अचूक हवा.