मेलेल्या सुलतानाच्या नावानं निघालेली फर्मानं

सप्टेंबर 1566. हंगेरीतल्या सिगेतवार किल्ल्याला तुर्कांचा वेढा पडून महिना झालाय, आत किल्लेदार मिक्लोश झ्रीनी मूठभर माणसं घेऊन लढतोय, आणि बाहेर आपल्या तंबूत 71 वर्षांचा ऑटोमन (तुर्की) सुलतान सुलेमान मरण पावतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किल्ला पडतो, पण विजय कुणाच्या नावावर साजरा होतोय हे सैन्याला माहीतच नाही.

वजीर सोकोल्लू मेहमेद पाशानं ही बातमी दाबून ठेवली, सुमारे 48 दिवस! कारण एकदम व्यवहारी होतं. सुलतान गेला की नवा गादीवर बसेपर्यंत जानिसार, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातले सैनिक, कुणाचंच ऐकत नसत, लुटालूट व्हायची, नव्या सुलतानाकडून बक्षिसाची मागणी व्हायची, आणि इकडे शत्रूपक्षाच्या, हाब्सबर्ग सम्राट मॅक्सिमिलियनची फौज हंगेरीतच ग्योरजवळ बसलेली. वारस, म्हणजे सुलेमानचा मुलगा सेलीम, तर लांब अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात), कुताह्याला.

मग सोकोल्लूनं गुपचूप जासूद धाडला आणि कारभार जसाच्या तसा चालू ठेवला. सुलतानाच्या नावानं फर्मानं निघत होती, बढत्या मिळत होत्या, पडलेल्या किल्ल्याची डागडुजी काढून शिपायांना कामाला जुंपलं होतं. सुलेमानचं आजारपण सगळ्यांना ठाऊक होतं, येतानाही तो बराचसा गाडीतूनच आला होता, त्यामुळे परतताना गाडीचे पडदे बंद दिसले तरी चटकन कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मला या सगळ्यात हेच सगळ्यात हुशारीचं वाटतं, की त्यानं नवीन खोटं फारसं रचलंच नाही, लोकांना आधीपासून माहीत असलेलं खरंच पुढे वापरलं. सेलीम आधी इस्तंबूलला जाऊन मग बेलग्रेडकडे आला, तेव्हा कुठे बातमी जाहीर झाली.

हे किती जोखमीचं होतं ते 1481 मध्ये दिसलं होतं. सुलेमानचा पणजोबा सुलतान मेहमेद दुसरा वारला तेव्हा वजीर करामानी मेहमेद पाशानंही असाच प्रयत्न केला, पण त्यानं मेहमेदचा मुलगा शहजादा जेम याच्याकडे पाठवलेला निरोप्या विरोधी गटानं वाटेतच पकडला, बातमी फुटली आणि जानिसारांनी वजीरालाच ठार मारलं.

सुलेमानचा देह इस्तंबूलला नेला, पण तो गेला त्या जागी पुढे एक मकबरा आणि त्याभोवती छोटं गाव उभं राहिलं, आणि 17व्या शतकाच्या शेवटी ते उद्ध्वस्त झालं. ती जागा शोधायला पेच विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ नोर्बर्ट पाप आणि त्यांच्या टीमनं जुनी कागदपत्रं, नकाशे आणि जमिनीखालचं भूभौतिक सर्वेक्षण असं सगळं एकत्र लावून पाहिलं, आणि 2015 नंतर सिगेतवारजवळच्या द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर खणल्यावर इमारतींचे पाये सापडले.