उंच सुरात ओळख कुठे जाते?

हॉलिवूडची पार्श्वगायिका मार्नी निक्सन हुबेहूब नक्कल करायची, असं तिच्याबद्दल हमखास लिहिलं जातं. ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५६) डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’त (१९६१) नॅटली वुड, ‘माय फेअर लेडी’त (१९६४) ऑड्री हेपबर्न. पडद्यावर या तिघी, गळा हिचा, आणि श्रेयनामावलीत नाव कुठेच नाही. (आपल्याकडेही १९४९च्या ‘महल’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. ते पात्राचं नाव, गळा लताबाईंचा.) नक्कल तिला जमायचीच. पण बरंचसं काम भौतिकशास्त्र फुकटात करून देत होतं.

स्वरतंतूंमधून एकच वारंवारता निघत नाही. मूळ वारंवारता २०० हर्ट्झ असेल, तर ४००, ६००, ८०० अशा तिच्या पटीही निघतात. घशाची आणि तोंडाची पोकळी त्यातल्या काही उचलून धरते, काही दाबते. ‘आ’ आणि ‘ई’ यांतला फरक इथे पडतो, आणि आवाज कोणाचा हे कळतं तेही बरंचसं इथूनच. बोलताना पटी दाट असतात. आता ८०० हर्ट्झवर गा. पुढची पट थेट १६००, मग २४००. मधल्या पट्ट्यात पोकळी काय करते, हे दाखवायला ध्वनीच उरत नाही. रांगोळीचे चारच ठिपके ठेवून मोर की कमळ ते ओळखायला सांगावं, तसं.

त्यात आणखी एक भानगड. ‘ई’साठी पोकळीचा पहिला अनुनाद (पोकळी जिथे ध्वनी उचलून धरते, त्यातली सर्वांत खालची जागा) साधारण ३००-४०० हर्ट्झला असतो. सूर त्याच्या वर गेला की जोर पडतो कमी. म्हणून सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका जबडा खाली सोडून तो अनुनाद सुरापर्यंत चढवतात, आणि ‘ई’ ‘आ’कडे झुकते. बहुतेक जणी हेच करत असल्यामुळे वरच्या पट्टीत त्या एकमेकींसारख्या वाटू लागतात. आवाज म्हणजे बोटाचा ठसाच, असं ठासून सांगणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

‘माय फेअर लेडी’तल्या ‘जस्ट यू वेट’ या गाण्यात खालच्या सुरातला भाग हेपबर्नचाच आहे, सूर चढतो तिथे निक्सन येते. खरी कसोटी खाली होती, बोलता बोलता गाणं सुरू होतं त्या सांध्यावर. तो जुळावा म्हणून डेबोरा कर आणि निक्सन शेजारी शेजारी उभं राहून सराव करायच्या. वुडच्या बाबतीत तीही सोय नव्हती. तिचं चित्रीकरण तिच्या स्वतःच्या गाण्यावर झालं होतं. निक्सनला नंतर पडद्यावरच्या ओठांकडे बघत गावं लागलं.