गिनी पिगला शिंका, वाहते नाक, श्वासाला आवाज: घरी काय पाहावे आणि दवाखान्यात कधी आणावे

आपल्याला सर्दी झाली की आपण दोन दिवस वाट पाहतो आणि बहुतेक वेळा ती बरी होते. गिनी पिगच्या बाबतीत ही वाट पाहणे अंगाशी येऊ शकते. नाकातून येणाऱ्या पाण्याचा न्यूमोनिया व्हायला काही दिवस पुरतात, कधीकधी तेवढेही लागत नाहीत. पाळीव गिनी पिग दगावण्याच्या प्रमुख कारणांमध्ये न्यूमोनियाची गणना होते. म्हणून हे पत्रक घरी नेऊन पिंजऱ्याजवळ ठेवा.

हा प्राणी इतका नाजूक का?

गिनी पिग श्वास घेतो तो नाकानेच. नाक चोंदले तर आपल्यासारखे तोंड उघडून भागवणे त्याला जमत नाही. त्यामुळे तोंड उघडून श्वास घेणारा गिनी पिग दिसला तर तो अगदी टोकाला पोचला आहे असे समजा. दुसरी अडचण त्याच्या स्वभावाची. तो शिकार होणारा प्राणी आहे, दुबळेपणा दाखवला तर आपण पकडले जाऊ ही भीती त्याच्या रक्तात आहे. ‘कालपर्यंत तर चांगला होता’ हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. मालक खोटे बोलत नसतात. त्याने आजार लपवलेला असतो, इतकेच.

तिसरी गोष्ट पोटाची. वास येईना, श्वास घेता येईना, की गिनी पिग खाणे सोडतो. त्याचे आतडे सतत चालू राहण्यासाठी बनलेले आहे. अर्धा दिवस पोटात काही गेले नाही तरी आतड्याची हालचाल मंदावायला लागते, गॅस धरतो, आणि मग छातीच्या आजाराइतकाच पोटाचा प्रश्न उभा राहतो.

काय पाहायचे

एखादी शिंक म्हणजे आजार नव्हे. गवताची धूळ नाकात गेली की निरोगी गिनी पिगही शिंकतो. शिंका पुन्हा पुन्हा येत असतील, नाकाशी ओलावा किंवा पापुद्रा दिसत असेल, डोळे चिकट झाले असतील तर मात्र थांबू नका. पुढच्या पायांच्या आतली बाजू जरूर पाहा. तो नाक पुढच्या पायांनी पुसतो, म्हणून नाक कोरडे दिसले तरी तिथले केस चिकटून कडक झालेले सापडतात.

इथे एक खुलासा, कारण त्यावरून घाबरून फोन येतात. गिनी पिगच्या डोळ्यांतून मधूनच दुधासारखा पांढरा थेंब येतो आणि तो दोन्ही पंजांनी तोंडाला चोळतो. ही त्याची तोंड धुण्याची पद्धत आहे, पू नव्हे. पू घट्ट आणि पिवळसर असतो, पापण्यांना चिकटून राहतो.

श्वास मोजायला जाल तर गोंधळ उडेल. शांत बसलेल्या गिनी पिगचा श्वास मिनिटाला साधारण ४० ते १०० च्या दरम्यान असतो, आणि हातात घेतल्यावर तो घाबरून वाढतो. त्यापेक्षा श्वासाला किती जोर लागतोय ते बघा. प्रत्येक श्वासाला कुशी आत ओढल्या जातात का? डोके किंचित हलते का? मग शांत खोलीत त्याच्या पाठीशी कान न्या. टकटक, घरघर किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो मोबाइलवर रेकॉर्ड करा. दवाखान्यात आल्यावर घाबरलेला प्राणी अनेकदा आवाज करत नाही, तेव्हा तुमचे रेकॉर्डिंग कामाला येते.

आणि वजन. आमच्या मते घरच्या तपासण्यांत सर्वांत उपयोगी हीच. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा पुरतो. आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. प्रौढ गिनी पिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो. अशा प्राण्याचे वजन आठवड्यात ५० ग्रॅमने उतरले तर तो वरून कितीही टुणटुणीत दिसो, आम्हाला कळवा. आजारपणात वजन रोज करा.

त्याच दिवशी, रात्र असली तरी

तोंड उघडून श्वास, ओठ किंवा हिरड्या निळसर वा फिकट, अंग फुगवून कोपऱ्यात बसणे, आवडता घासही नाकारणे, अर्ध्या दिवसात लेंड्या न पडणे. यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. आणताना त्याला पाठीवर उताणे धरू नका. श्वासाचा त्रास असताना तशा स्थितीत छातीवर पोटाचा भार येतो.

आजार येतो कुठून?

सर्वांत जास्त नाव घ्यावे लागते ते बोर्डेटेला या जिवाणूचे. हा जिवाणू सशांच्या, कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या नाकात काही त्रास न देता राहू शकतो. कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यामागेही तो असतो. तोच गिनी पिगला लागला तर न्यूमोनिया होतो. म्हणून ससा आणि गिनी पिग एका पिंजऱ्यात ठेवू नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. दोघे एकमेकांना बिलगून बसलेले फोटो कितीही गोड असोत. कुत्र्याला हात लावून आलात तर हात धुऊन मगच गिनी पिगला घ्या. दुसरा नेहमीचा जिवाणू न्यूमोकोकस. काही गिनी पिग तो नाकात घेऊन निरोगी फिरतात, आणि प्रवास, जागाबदल, गर्दी, गर्भारपण असा ताण आला की आजारी पडतात. गिनी पिगचा स्वतःचा एक ॲडेनोव्हायरसही आहे, तो विशेषतः पिल्लांना त्रास देतो.

नवीन गिनी पिग घरी आणला तर दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. पिंजरा वेगळा पण खोली तीच, याला वेगळे ठेवणे म्हणत नाहीत; शिंकेतले तुषार जाळीतून सहज पलीकडे जातात. रोज आधी जुन्याचे काम करा, मग नव्याचे.

जिवाणूला संधी देते ती मात्र पिंजऱ्यातली हवा. ओल्या अंथरुणातून अमोनिया सुटतो आणि नाकाचे आतले अस्तर चुरचुरते, सुजते. पिंजऱ्याजवळ खाली वाकून वास घ्या. तुम्हाला उग्र वास जाणवला तर चोवीस तास तिथेच नाक टेकून बसणाऱ्याचे काय होत असेल? ओला भाग रोज काढा. देवदार आणि चीड यांच्या वासाच्या भुशामुळे श्वासमार्ग दुखावतो, तो वापरू नका. कागदाचे किंवा कापडाचे अंथरूण चांगले. धूळ उडणारे गवत झटकून द्या, बुरशी आलेले फेकून द्या. खोली १८ ते २४ अंशांच्या आसपास असावी, हवा खेळती असावी पण पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट अंगावर नको. उदबत्ती, सिगारेट, फवारे, सुगंधी मेणबत्त्या त्या खोलीत नकोत.

घरातली औषधे देऊ नका

इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन ही माणसांना सर्रास दिली जाणारी प्रतिजैविके तोंडावाटे गिनी पिगच्या पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे घातक जिवाणू वाढून विष तयार करतात आणि प्राणी काही दिवसांत जाऊ शकतो. सर्दीने नव्हे, औषधाने. त्याला चालणारी प्रतिजैविके वेगळी आहेत: एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, डॉक्सिसायक्लिन. यातले कोणते आणि किती, हे वजन आणि तपासणी पाहून ठरते. सर्दीच्या गोळ्या, खोकल्याचे सिरप, नाकाला चोळायचा बाम यातले काहीही नको. वाफेचे भांडेही पिंजऱ्याशी ठेवू नका, गिनी पिगला उष्णता सहन होत नाही. वाफारा लागलाच तर आम्ही नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणारे यंत्र, कसा वापरायचा ते दाखवू.

उपचार चालू असताना

आम्ही छाती ऐकतो, गरज वाटली तर एक्स-रे काढतो, नाकातला नमुना तपासणीला पाठवतो. सगळेच वाहते नाक संसर्गाचे नसते. कधी नाकात गवताची काडी अडकलेली असते, कधी वरच्या दाढांची मुळे वाढलेली, कधी हृदयाचा आजार श्वासाच्या त्रासाच्या रूपाने समोर येतो. म्हणून फोनवर औषध सांगा असा आग्रह धरू नका. जड श्वास घेणाऱ्याला आधी प्राणवायू देऊन शांत करावे लागते, तपासणी त्यानंतर.

घरी तुमचे खरे काम म्हणजे त्याला खाते ठेवणे. गवत सतत समोर हवे. खात नसेल तर शाकाहारी लहान प्राण्यांसाठीची पावडर, किंवा त्याचेच पेलेट (दाणेदार खाद्य) पाण्यात भिजवून केलेला पातळ लगदा सिरिंजने भरवा. सिरिंज तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत घाला, एका वेळी अर्धा ते एक मिली द्या, चावून गिळू द्या, मगच पुढचा घास. घाईने ढकललेला घास श्वासनळीत जातो आणि आधीच आजारी असलेल्या फुप्फुसात नवा न्यूमोनिया सुरू होतो. श्वास फारच जड असेल तर भरवण्याआधी आम्हाला विचारा.

‘क’ जीवनसत्त्व गिनी पिगचे शरीर बनवू शकत नाही, आपलेही नाही. त्याला रोज दर किलो वजनाला १० ते ३० मिलिग्रॅम लागते, आजारपणात त्याहून जास्त. ते पाण्यात टाकू नका. पाण्यात ते लवकर नासते, शिवाय चव बदलल्याने तो पाणी कमी पितो. तोंडात थेट द्या. ढोबळी मिरची रोजच्या खाण्यात असू द्या.

जोडीदाराचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आजार दिसेपर्यंत दुसऱ्याला बहुधा लागण होऊन गेलेली असते, आणि एकटे पडल्यावर आजारी प्राणी खाणे आणखी कमी करतो. दोघे एकमेकांना त्रास देत नसतील तर आम्ही सहसा जोडी तोडत नाही, मात्र दुसऱ्याचेही वजन रोज करायला सांगतो. तपासणीला येताना दोघांनाही घेऊन या.

दोन-तीन दिवसांत तो तरतरीत दिसू लागेल आणि औषध बंद करावेसे वाटेल. कोर्स पूर्ण करा. तो बहुधा दोन आठवडे चालतो, न्यूमोनियात त्याहून जास्त. अर्धवट सोडलेला संसर्ग पुन्हा उलटतो, कधी कानात उतरतो. डोके एका बाजूला कलते राहिले किंवा तो गोल गोल फिरू लागला तर तेच कारण असू शकते. फेरतपासणीला येताना वजनाची वही, औषधाची बाटली आणि श्वासाचे ताजे रेकॉर्डिंग सोबत आणा. डब्यात त्याचे वापरलेले अंथरूण आणि मूठभर गवत घाला, वरून पातळ कापड टाका, हवा जायला जागा ठेवा.