व्याह्यांची अंगठी भिंतीवर

ग्रीक डोरिक खांबाच्या शीर्षाखाली, उशीसारख्या फुगीर भागाच्या तळाशी, बारीक कंगोऱ्यांची वलये कोरलेली असतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानेही ती नोंदवली आहेत. त्यांचे काम सावलीची रेघ पाडून उभा खांब आणि वरचा भार यांचा सांधा दाखवणे, एवढेच. इंग्लंडमध्ये ढालीवरच्या कुलचिन्हात हेच वलय पुढे पाचव्या मुलाची खूण झाले. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येक मुलाची खूण वेगळी.

फ्लॉरेन्समध्ये मात्र वलयाला हिरा लागला आणि राजकारणही चिकटले.

शहरावर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या ढालीवर अंगठी नव्हतीच. तिथे होते गोळे. हिऱ्याची अंगठी ही त्यांची ‘इम्प्रेसा’, म्हणजे व्यक्तीने हौसेने निवडलेले चिन्ह. कधी एकटी, कधी पिसे खोवलेली, कधी तिघी एकमेकींत गुंफलेल्या. सोबत बहुधा ‘सेंपर’, म्हणजे सदैव, हे ब्रीद. ढाल वंशाची, पण इम्प्रेसा तशी सैल. ती दुसऱ्याच्या घरावरही मिरवता येई.

ते ज्योव्हान्नी रुचेल्लाई या धनाढ्य व्यापाऱ्याने करून दाखवले. त्याची बायको पाल्ला स्ट्रोझ्झीची मुलगी, आणि त्या सासऱ्याला मेदिचींच्या विरोधात गेल्याबद्दल 1434 मध्ये हद्दपारी झाली होती. जावई शहरातच राहिला, पण पुढची 27 वर्षे आपल्याकडे संशयाने पाहिले गेले, असे त्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवले आहे. 1461 मध्ये मुलगा बेर्नार्दो आणि कोसिमो मेदिचीची नात नान्निना यांचे लग्न ठरले तेव्हा हा डाग पुसला. 1466 मध्ये बार उडाला. मांडव थेट घरासमोरच्या चौकात पडला होता.

रुचेल्लाईच्या वाड्याचे दर्शनी आरेखन वास्तुकार लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीचे मानले जाते. त्यावरच्या नक्षीपट्टीत रुचेल्लाईंचे वाऱ्याने फुगलेले शीड आहे आणि व्याह्यांची अंगठीसुद्धा. इतकी वर्षे अंग चोरून राहिलेल्या माणसाने सोयरीक जुळताच ती रस्त्यावरून दिसेल अशी कोरून घ्यावी, यात मला तरी नम्रतेपेक्षा सुटकेचा निःश्वास जास्त दिसतो. अभ्यासकांना याचा वेगळाच फायदा झाला: सोयरिकीआधी तिथे अंगठी असण्याचे कारण नाही, म्हणून नक्षीचा काळ ठरवताना 1461 हे साल कामी येते.

पुढे चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘पॅलस आणि सेंटॉर’ या चित्रात पॅलस या ग्रीक देवीच्या झिरझिरीत वस्त्रावरही गुंफलेल्या अंगठ्या आल्या. पण हिऱ्याची अंगठी दिसली की मेदिची, असा हिशेब इटलीत चालत नाही. फेर्राराचे एस्ते आणि मिलानचे स्फोर्झा ही घराणीही ती वापरत. मिलानच्याच बोर्रोमेओ घराण्याच्या तीन कड्यांची गुंफण तर गणितातही पोचली: त्यांतले कोणतेही एक काढा, उरलेली दोन आपोआप सुटी होतात.