पैसे भरण्याचं पान कसं जपायचं: आमच्या दुकानदारांसाठी

ऑनलाइन दुकान आमच्याकडे सांभाळायला देताना बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "साइटला एसएसएल (माहिती सांकेतिक करून पाठवण्याचं सुरक्षा प्रमाणपत्र) आहे ना?" आहे, आणि असायलाच हवं. पण त्यामुळे एवढंच होतं की ग्राहकाच्या ब्राउझरपासून सर्व्हरपर्यंत जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. असं प्रमाणपत्र फसव्या साइटनाही फुकट मिळतं. कुलूप दिसलं की साइट खरी, हा समज इतका पसरला होता की २०२३ मध्ये क्रोमने ॲड्रेस बारमधून कुलपाचं चिन्हच काढलं.

आम्हाला खरी काळजी असते ती पैसे भरण्याच्या पानाची. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरच्या एका जुन्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये चोरांनी जेमतेम २२ ओळी घुसवल्या. प्रवासी कार्डाचा नंबर टाकत, पेमेंट व्यवस्थित होई, तिकीटही मिळे. त्याच वेळी तो नंबर चोरांच्या सर्व्हरवरही पोचत असे. त्या सर्व्हरचं नाव कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं होतं आणि त्यालाही रीतसर प्रमाणपत्र होतं. दोन आठवडे हे चालू राहिलं. पुढे २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंड दंड झाला. यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की काहीच बिघडत नाही. ऑर्डर अडकत नाही, म्हणून तक्रारही येत नाही.

म्हणूनच आम्ही कार्डाची माहिती पेमेंट गेटवेच्या (कार्डाचे पैसे घेणाऱ्या कंपनीच्या) स्वतःच्या पानावर किंवा चौकटीत घेतो. ती तुमच्या सर्व्हरवर येतच नाही. तरीही पानावर शिरलेली परकी स्क्रिप्ट (पानाबरोबर चालणारा कोड) त्या चौकटीच्या जागी हुबेहूब खोटा फॉर्म दाखवू शकते. चॅटची खिडकी, जाहिरातीचा पिक्सेल (कोण आलं हे जाहिरात कंपनीला कळवणारा कोड), कूपनचा पॉपअप, काहीही जोडायचं असेल तर आधी आम्हाला सांगा, आणि चेकआउटवर, म्हणजे पैसे भरण्याच्या पानावर, शक्यतो जोडूच नका. त्या पानावर कोणती स्क्रिप्ट कशासाठी आहे याची यादी आम्ही ठेवतो. कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीतही अशा यादीची अट आहे.

दुकानाच्या आतूनही माहिती फुटते. समजा, ग्राहकाचं पेमेंट होत नाही. तो फोन करतो आणि मदत म्हणून तुमचा माणूस कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त आकडा) ऑर्डरच्या 'टीप' रकान्यात लिहून ठेवतो. आता तो नंबर डेटाबेसमध्ये आला, रात्रीच्या बॅकअपमध्ये गेला, कदाचित ऑर्डरच्या ईमेलमधूनही फिरला. पेमेंट झाल्यावर सीव्हीव्ही साठवायला नियमानेच मनाई आहे. अशा वेळी ग्राहकाला नवी पेमेंट लिंक पाठवा. जन्मतारखेसारखी माहितीही गरज नसेल तर मागू नका.

ॲडमिन लॉगिन प्रत्येकाचं वेगळं हवं, आणि कुणी काम सोडलं की त्याच दिवशी ते बंद करायला हवं. पासवर्डच्या जोडीला ऑथेंटिकेटर ॲप (दर वेळी नवा कोड देणारं मोबाइल ॲप) ठेवा. पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेली किल्ली) वापरता आली तर सर्वात उत्तम, कारण ती फक्त खऱ्या पत्त्यावरच चालते. 'तुमचं डोमेन आज संपतंय' अशा ईमेलमधून उघडलेल्या नकली पानावर घाईत पासवर्ड टाइप होऊ शकतो, पासकी मात्र तिथे चालतच नाही.

अपडेटच्या बाबतीत आम्ही चालढकल करत नाही. मॅजेंटो या ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीला सुरक्षा अपडेट मिळणं जून २०२० मध्ये थांबलं आणि सप्टेंबरमध्ये एकाच हल्ल्यात जवळपास २००० दुकानांत कार्डचोरीचा कोड घुसवला गेला. त्यातली बहुतेक त्याच जुन्या आवृत्तीवर चालत होती. अपडेटसाठी दुकान थोडा वेळ बंद ठेवावं लागेल असं आम्ही कळवलं, तर कृपया पुढे ढकलू नका.

थोड्याच वेळात लहान रकमांची बरीच पेमेंट फसलेली दिसली, तर बहुधा कुणी चोरीची कार्डं तुमच्या दुकानावर चालवून पाहत असतं. त्यातलं एखादं पेमेंट झालं तरी त्याची ऑर्डर पाठवू नका, लगेच आम्हाला फोन करा.

आणि साइटवर घुसखोरी झाल्याची शंका आली तर स्वतः फाइली पुसू नका, जुना बॅकअपही चढवू नका. चोर कुठून शिरला आणि कोणत्या ग्राहकांची माहिती गेली, हे त्या फाइली आणि सर्व्हरच्या नोंदींवरूनच शोधता येतं. आम्ही आधी चेकआउट बंद करतो, नोंदींची प्रत बाजूला ठेवतो आणि मग पासवर्ड बदलायला घेतो. ज्यांची माहिती गेली असेल त्यांना काय कळवायचं, त्याचा मजकूर तुमच्याबरोबर बसून लिहितो.