कठडा काढण्यापूर्वी

मराठी घरात ‘कॉट’ म्हटले की डोळ्यांसमोर मोठ्या माणसाची लोखंडी खाट येते. तान्ह्या बाळासाठी आपल्याकडे पाळणा असतो, नाहीतर जुन्या मऊ साडीची झोळी. चारही बाजूंनी उभ्या दांड्यांचा कठडा असलेला, दुकानात ‘बेबी कॉट’ या नावाने मिळणारा बाळाचा पलंग हा शहरी फ्लॅटमध्ये अलीकडेच रुळला आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत तर तो बाळ घरी येण्याआधीच मांडून ठेवलेला असतो. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला या कठड्यातून मोकळ्या पलंगावर कधी आणावे, असा प्रश्न आईबाबांना पडतो तेव्हा आजीकडे त्याचे तयार उत्तर नसते. आजीच्या अनुभवात मूल पाळण्यातून निघाले ते थेट जमिनीवरच्या गादीवर, आईच्या किंवा तिच्या स्वतःच्या कुशीत आले. तिथे कठडा नव्हता, पण मुलाच्या अंगावर माणसाचा हात होता.

हा प्रश्न बहुतेक घरांत एखाद्या दुपारी अचानक उभा राहतो. माझ्या भाचीच्या घरी तो उभा राहिला तेव्हा मी तिथेच होते. सव्वादोन वर्षांचा तिचा मुलगा झोपेतून उठला होता आणि त्याला कोणालाही हाक मारायची नव्हती. त्याने दोन्ही हातांनी कठड्याची वरची कड धरली, उजवा पाय उचलून टाच तिच्यावर अडकवली, मग पोट कडेवर ओढून घेतले. आता तो कठड्यावर आडवा झाला होता, आणि पुढच्याच क्षणी त्याचे डोके पायांच्या आधी बाहेरच्या बाजूला झुकू लागले. भाचीने त्याला वरच्यावर झेलले, म्हणून बरे.

डोके आधी का झुकले, याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण एक चतुर्थांश असते, दोन वर्षांच्या मुलाचे एक पंचमांश, तर प्रौढ माणसाचे एक अष्टमांश. म्हणजे या वयात शरीराचा जड भाग वरच्या टोकाला असतो, आणि कठड्यावर आडवे झालेले मूल तराजूच्या दांडीसारखे जड बाजूला कलते. त्यात उंचीची भर पडते. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर असतो. 25 सेंटिमीटरवरून पडली तर तो निम्मा, म्हणजे ताशी 8 किलोमीटर असतो. वेग निम्मा झाला की आघाताची ऊर्जा मात्र एक चतुर्थांशावर येते. म्हणूनच मूल कठडा चढू लागले, की मनाने तयार आहे किंवा नाही, हा विचार बाजूला ठेवून त्याला खाली आणावे लागते. मुलाची उंची 35 इंच, म्हणजे साधारण 90 सेंटिमीटर झाली, किंवा ते उभे असताना कठड्याची कड त्याच्या छातीवर, स्तनाग्रांच्या पातळीला येऊ लागली, की कठड्याच्या पलंगाचा वापर थांबवावा, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार सरासरी मूल ही उंची दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान गाठते.

जे मूल चढत नाही, त्याच्या बाबतीत मात्र घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला अभ्यासाचा आधार आहे. 2019 साली ‘स्लीप मेडिसिन’ या नियतकालिकात दीड ते तीन वर्षे वयाच्या जवळपास 2000 मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका येथील पालकांनी ती दिली होती. कठड्याच्या पलंगात झोपणारी मुले मोकळ्या पलंगावरच्या मुलांपेक्षा लवकर झोपत, रात्री कमी वेळा उठत, एकूण अधिक वेळ झोपत आणि झोपायला जाताना कमी विरोध करत. ही माहिती पालकांच्या सांगण्यावर आधारलेली आहे, आणि यातून कठड्यामुळेच झोप सुधारते असे सिद्ध होत नाही, कारण ज्यांची झोप मुळातच बिघडलेली आहे अशा मुलांनाही पालक लवकर पलंगावर हलवत असतील. तरीही, ‘मोठा पलंग दिला की मूल शांत झोपेल’ या समजुतीला त्यात कुठेही दुजोरा मिळत नाही.

याचे कारण समजून घ्यायचे तर कठडा नेमके कोणते काम करतो ते पाहावे लागेल. मूल पडू नये, एवढेच त्याचे काम नाही. उठून चालू लागण्याची इच्छा झाली तरी जागेवर राहणे, हे जे काम मोठ्या माणसाचा मेंदू करतो, ते दोन वर्षांच्या मुलासाठी लाकडी दांड्या करत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यास मॉस्कोतील मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांवर केलेले साधे प्रयोग या संदर्भात फार बोलके आहेत. मुलाच्या हातात दाबण्याचा रबरी फुगा द्यायचा आणि ‘दिवा लागला की दाब’ असे सांगायचे. अगदी लहान मुले सूचना ऐकताच, दिव्याची वाट न पाहता फुगा दाबू लागत. ‘दाबू नकोस’ असे सांगितल्यावर थांबण्याऐवजी कित्येकदा आणखी जोराने दाबत. शब्द त्यांना कळत होता, पण शब्दाने हात थांबत नव्हता. ही क्षमता तीन ते चार वर्षांच्या दरम्यान हळूहळू येते, कारण तिच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग सर्वांत सावकाश पक्व होतो. ‘पलंगावरून उतरू नकोस हं’ असे दोन वर्षांच्या मुलाला रात्री दहा वेळा बजावणाऱ्या आईला हे माहीत असेल, तर निदान मूल हट्टी आहे किंवा आपले काही चुकते आहे, असे तिला वाटणार नाही. कठड्यातून पलंगावर जाणे म्हणजे बाहेरचा कठडा मुलाच्या आत तयार होणे. आणि तो तीन वर्षांच्या आसपास तयार होऊ लागतो.

दुसरा भाग झोपेच्या रचनेचा. कोणीही रात्रभर सलग झोपत नाही. झोप आवर्तनांनी येते. प्रौढांमध्ये एक आवर्तन सुमारे 90 मिनिटांचे, लहान मुलांत त्याहून कमी, आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर आपण क्षणभर जागे होऊन कूस बदलतो. या क्षणी भोवताल झोपताना होता तसाच असेल, तर मूल पुन्हा झोपी जाते. नव्या पलंगावर उजवीकडे दांडी लागत नाही, गादी वेगळी दबते, भिंत दुसऱ्या बाजूला असते, आणि ते क्षणभराचे जागेपण पूर्ण जाग होते. मोठ्या माणसांनाही परक्या घरी पहिल्या रात्री झोप लागत नाही. 2016 साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री प्रौढांच्या मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही, तो पहाऱ्यावर असल्यासारखा आवाजांना अधिक प्रतिसाद देतो. म्हणून पलंग नवा असला तरी वास आणि स्पर्श जुने ठेवावेत. आजीच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, रोजचे दुपटे हे सर्व त्याच्याबरोबर गेले पाहिजे. नव्या पलंगाच्या हौसेने नवी चादर-पांघरुणे त्याच रात्री आणू नयेत.

ज्या मुलांना झोळीत किंवा पाळण्यात झोके घेऊन झोपायची सवय आहे, त्यांच्यापुढे आणखी एक अडचण असते. झोक्याने झोप लागते हा आपल्याकडचा अनुभव शास्त्रीय कसोटीलाही उतरला आहे. जिनिव्हातील संशोधकांनी प्रौढांना चार सेकंदांत एक झोका या गतीने हलणाऱ्या पलंगावर झोपवले, तेव्हा त्यांना लवकर झोप लागली आणि ती अधिक गाढ होती. अशा मुलाचा झोका आणि कठडा एकाच आठवड्यात काढून घेणे अन्यायाचे आहे. आधी झोका कमी करत न्यावा, त्याच्या जागी थोपटणे आणि अंगाई आणावी, आणि मग जागा बदलावी.

वेळेचाही विचार करायला हवा. कोलोरॅडो विद्यापीठातील मोनिक लेबुर्जुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या लाळेतील मेलाटोनिन या, झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाचे मोजमाप केले. शरीरात ते वाढू लागण्यापूर्वीच ज्या मुलांना अंथरुणावर घातले जात होते, ती अधिक वेळ जागी राहत आणि अधिक विरोध करत. याच गटाने 2018 साली 3 ते 5 वर्षांच्या मुलांना झोपेच्या आधीचा एक तास प्रखर प्रकाशात ठेवले, तेव्हा त्यांचे मेलाटोनिन जवळपास 88 टक्क्यांनी दबले. मुले दहाच होती, पण परिणाम ठळक आहे. आपल्याकडे नऊ-साडेनऊला जेवणे, ट्यूबलाइटचा लख्ख उजेड आणि भिंतीवर चालू असलेला टीव्ही, यांतून उठवून मुलाला थेट पलंगावर नेले जाते. कठडा असेपर्यंत हे खपून जाते. मोकळ्या पलंगावर त्याच मुलाला उठून पुन्हा दिवाणखान्यात यायला काहीच अडथळा नसतो.

आणि ते येणारच, त्यामुळे मुलाच्या दृष्टीने आता संपूर्ण खोली हाच त्याचा पलंग झालेला असतो. स्वतः गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून ती खोली पाहावी. खिडकीला ग्रिल आहे का, आणि खिडकीखाली चढता येईल असे काही ठेवलेले आहे का? कपाट भिंतीला पक्के ठोकले आहे का, कारण खण उघडून त्यांवर पाय देऊन चढणारे मूल अख्खे कपाट अंगावर ओढून घेऊ शकते. आपल्याकडच्या घरांतले आणखी दोन धोके विसरू नयेत: आतून लागणारी खालची कडी, जी मूल लावू शकते पण घाबरल्यावर उघडू शकत नाही, आणि पाणी जाईल म्हणून बाथरूममध्ये भरून ठेवलेली बादली. ती रात्री रिकामी असलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पलंगाला लावायचे सुटे कठडे दोन वर्षांखालील मुलांसाठी नसतात, कारण गादी आणि कठडा यांच्यातील फटीत लहान मूल अडकून गुदमरू शकते. आणि दुमजली पलंगाचा वरचा मजला सहा वर्षांच्या आधी देऊ नये.

चढणाऱ्या पण अजून न थांबणाऱ्या, म्हणजे सव्वादोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी मला सर्वांत योग्य वाटते ती आपली जमिनीवरची गादीच. मारिया माँटेसरी यांनीही मुलासाठी जमिनीलगतच्या बिछान्याचा आग्रह धरला होता, जेणेकरून ते आपणहून आडवे होईल आणि आपणहून उठेल. भाचीने तेच केले. कठड्यातलीच गादी काढून त्याच कोपऱ्यात जमिनीवर घातली. पहिले नऊ दिवस तो रोज उठून आला, आणि रोज त्याला न रागावता, गप्पा न मारता, हाताला धरून परत नेले गेले.

तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी एक वेगळी युक्ती अमेरिकेत 1999 साली दोन मुलांवर आणि नंतर 2006 साली 3 ते 6 वर्षांच्या 19 मुलांवर तपासली गेली. मुलाला झोपताना एक पुठ्ठ्याचे कार्ड द्यायचे. ते देऊन त्याला रात्री एकदाच बाहेर यायची परवानगी मिळते, पाणी प्यायला किंवा एकदा मिठी मारायला. कार्ड आईच्या हाती गेले की त्या रात्रीपुरते संपले. मुलांचे हाका मारणे आणि बाहेर येणे लक्षणीय कमी झाले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की कार्ड केव्हा वापरायचे ते मुलाने ठरवायचे असते, आणि ठरवण्यासाठी त्याला आधी थांबावे लागते.

धाकटे भावंड येणार म्हणून थोरल्याला कठड्यातून उठवायचे असेल, तर ते बाळंतपणाच्या दीड-दोन महिने आधी करावे, किंवा मग बाळ आल्यावर काही महिने थांबून, म्हणजे आपली जागा बाळाने घेतली असे त्याला वाटणार नाही. शी-शूची सवय आणि बालवाडीचे पहिले दिवस यांच्याशीही त्याची गाठ पडू देऊ नये. रिकामा कठडा धाकट्यासाठी वापरताना त्याचे स्क्रू पुन्हा आवळावेत, आणि दोन दांड्यांमधील अंतर मोजावे. 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचे धड त्यातून सरकते आणि डोके अडकते. एक बाजू खाली सरकणारे जुने पलंग अमेरिकेत 2011 पासून विकता येत नाहीत, कारण ती सैल झालेली बाजू निखळून बाळे दगावली होती. नातेवाइकांकडून आलेला पलंग तसा असेल, तर तो कितीही चांगल्या लाकडाचा असला तरी बाळासाठी वापरू नये.