त्रैक्य

देव एकच आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघेही पूर्णपणे तोच देव आहेत. तरीही पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे पवित्र आत्मा नव्हे, असे प्रतिपादणारा ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती सिद्धांत. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुसंख्य प्रॉटेस्टंट पंथांना तो मान्य आहे. येशू ख्रिस्त देव आहे काय, आणि असल्यास कोणत्या अर्थाने, या प्रश्नातून तो घडत गेला. त्यामुळे ख्रिस्ताच्या देवत्वाचा आणि त्रैक्याचा इतिहास एकमेकांपासून सोडवता येत नाही. ‘त्रिमूर्ती’ हा ओळखीचा शब्द येथे कामाचा नाही. त्या शब्दाबरोबर उत्पत्ती, स्थिती व लय अशी कामांची वाटणी मनात येते. ख्रिस्ती शिकवणीनुसार मात्र सृष्टिनिर्मिती काय किंवा तारण काय, प्रत्येक कार्य तिघांचे मिळून एकच असते.

‘त्रैक्य’ या अर्थाचा शब्द बायबलमध्ये कोठेही नाही. ग्रीक ‘त्रिआस’ हा शब्द देवासंबंधी प्रथम आढळतो तो अँटिऑकचा बिशप थिऑफिलस याच्या लेखनात (इ. स. सु. १८०). तेथे त्रयी सांगितली आहे ती देव, त्याचा शब्द व त्याचे ज्ञान अशी. नंतर रूढ झालेल्या नावांशी ती तंतोतंत जुळत नाही. लॅटिन ‘त्रिनितास’ हा शब्द कार्थेजचा टर्टुलियन याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी वापरात आणला. ‘एक सबस्टॅन्शिया (सत्त्व), तीन पर्सोना (व्यक्ती)’ ही पश्चिमेकडील परिभाषाही मुख्यतः त्याचीच.

शास्त्राधार म्हणून पुढे केली जाणारी वचने दोन प्रकारची आहेत. तिन्ही नावे एकत्र येणारी वचने थोडी असून त्यांत मत्तयकृत शुभवर्तमानातील बाप्तिस्म्याची आज्ञा (२८:१९) व करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या शेवटचा आशीर्वाद ही प्रमुख होत. दुसरी वचने येशूविषयीची : ‘प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता’ हा योहानाचा आरंभ, पुनरुत्थित येशूला थोमाने ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणणे, फिलिप्पैकरांस पत्रातील स्तोत्र (२:६–११). विरोधकांनीही आपली बाजू याच ग्रंथातून उभी केली. पिता माझ्यापेक्षा थोर आहे असे योहानातील येशू म्हणतो (१४:२८), आणि अखेरच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नसल्याचे मार्क सांगतो (१३:३२). योहानाच्या पहिल्या पत्रातील स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचे वाक्य (५:७) एके काळी सर्वांत स्पष्ट आधार मानले जाई. परंतु जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नव्या कराराचा संपादक इरॅस्मस याने १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत ते गाळले आणि टीका झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घेतले. आधुनिक चिकित्सक आवृत्त्या ते मूळ पाठाचा भाग मानत नाहीत. सिद्धांताचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. चौथ्या शतकातल्या वादात ग्रीक लेखकांनी या वाक्याचा आधार घेतलेलाच नव्हता.

येशूची देव म्हणून उपासना केव्हा सुरू झाली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘प्रभू’ म्हणून त्याची उपासना अँटिऑकसारख्या ग्रीकभाषक, बिगर-यहुदी मंडळ्यांत उगम पावली, असे व्हिल्हेल्म बूसेट याने १९१३ मध्ये मांडले व हे मत दीर्घकाळ टिकले. मार्टिन हेंगेल व लॅरी हुर्टाडो यांनी त्याला हरकत घेतली. पौलाच्या ग्रीक पत्रात ‘मारानाथा’ (प्रभू, ये) हे अरामी आवाहन भाषांतर न करता तसेच राहिले आहे. म्हणजे अशी प्रार्थना पॅलेस्टाइनमधील अरामीभाषक अनुयायांतच रुळलेली असावी, असा त्यांच्या युक्तिवादाचा एक धागा. जेम्स डन यांच्या मते मात्र येशूच्या जन्मपूर्व दैवी अस्तित्वाची निःसंदिग्ध कल्पना योहानाच्या शुभवर्तमानापूर्वी दाखवता येत नाही. दोन्ही बाजूंचे पुरावे पाहता उपासना लवकरची आणि तिचे तात्त्विक स्पष्टीकरण बरेच नंतरचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सु. ११२ मध्ये रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक पहाटे जमून ‘ख्रिस्ताला, जणू देवाला’ उद्देशून स्तोत्र म्हणतात, अशी नोंद केली आहे. तोवर ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ असे कोणी म्हटले नव्हते.

तिसऱ्या शतकापर्यंत दोन सोपी उत्तरे पुढे आली आणि दोन्ही नाकारली गेली. पिता, पुत्र व आत्मा ही एकाच देवाची वेगवेगळ्या वेळची रूपे होत, हे मत सॅबेलियसच्या नावाने ओळखले जाते. ते मानल्यास क्रुसावर पित्यानेच दुःख भोगले असे म्हणावे लागते, हा त्यावरचा मुख्य आक्षेप. येशू हा मुळात मनुष्य असून देवाने त्याला पुत्र म्हणून दत्तक घेतले, हे दुसरे मत. अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने पुत्राचे जनन अनादि आहे असे सांगितले, पण त्याला पित्याहून खालच्या पायरीवर ठेवले. पुढच्या शतकात परस्परविरोधी गट त्याच्याच लेखनाचे वारस निघाले ते यामुळेच.

सु. ३१८ मध्ये (काहींच्या मते तीन-चार वर्षे नंतर) अलेक्झांड्रियाचा पाळक आरियस आणि त्याचा बिशप अलेक्झांडर यांच्यात वाद पेटला. अजन्मा असा एकटा पिताच. पुत्र जन्मलेला, म्हणून त्याला आरंभ आहे, आणि तो सृष्टीतला पहिला व श्रेष्ठ असला तरी निर्मितच, अशी आरियसची भूमिका होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. परंपरेने उपस्थितांची संख्या ३१८ सांगितली जाते. अब्राहामाच्या सेवकांच्या संख्येशी (उत्पत्ती १४:१४) ती जुळते म्हणून तिच्याकडे सावधपणे पाहावे लागते. सिझरियाचा युसीबियस अडीचशेहून अधिक म्हणतो. परिषदेने पुत्राला पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे समसत्त्व, ठरवले व आरियसला बहिष्कृत केले.

हा शब्द निवडला कसा गेला, हे कोडेच आहे. तो बायबलमधला नाही. त्याआधी तो गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असे मानणाऱ्या ज्ञानवादी पंथीयांच्या लेखनात आढळतो, आणि २६८ मध्ये अँटिऑकच्या परिषदेने तेथील बिशप समोसाटाचा पॉल याला दोषी ठरवताना हाच शब्द त्याज्य मानला होता, असे चौथ्या शतकातील लेखक सांगतात. युसीबियसच्या पत्रानुसार तो शब्द खुद्द सम्राटाने सुचवला. त्यामागे कॉर्डोबाचा बिशप ओसियस असावा, असा तर्क केला जातो. मिलानचा बिशप अँब्रोझ याने दिलेली हकीकत वेगळी आहे : आरियसच्या पाठीराख्यांनीच एका पत्रात हा शब्द अशक्य कोटीतला म्हणून हिणवला होता, म्हणून परिषदेने तोच उचलला. ही हकीकत उशिराची असली तरी प्रसंगाशी ती अधिक जुळते. आरियसला कोणत्याही अर्थाने स्वीकारता येणार नाही असा शब्द हवा होता, आणि तो मिळाला. त्याचा नेमका अर्थ ठरवण्याची निकड तेव्हा कोणाला वाटली नसावी, कारण परिषदेनंतर सुमारे पंचवीस वर्षे त्याचा उल्लेख विरळाच सापडतो. अथनेशियसदेखील त्याच्याकडे ठामपणे वळला तो ३५० च्या सुमारास. पाच वेळा हद्दपार झालेल्या या अलेक्झांड्रियाच्या बिशपाने मग तो शब्द अखेरपर्यंत सोडला नाही.

दरम्यान अनेक परिषदा झाल्या आणि अनेक मसुदे निघाले. ३५७ च्या सिर्मियमच्या मसुद्याने ‘ऊसिया’ (सत्त्व) या शब्दावरच बंदी घातली. अंकिराच्या बॅसिलच्या गटाने ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सत्त्वाने सारखा, हा पर्याय मांडला. दोहोंत ग्रीक लिपीतल्या एका ‘आयोटा’चाच फरक असल्याने एका अक्षरासाठी जग भांडले अशी चेष्टा होत आली आहे. ती वरवरची आहे. खरी अडचण ‘ऊसिया’ आणि ‘हिपोस्टॅसिस’ (प्रत्यक्ष अस्तित्व) या दोन शब्दांची होती. नायसियाच्या ठरावात ते समानार्थी आले होते; पूर्वेकडील अनेकांना मात्र ‘एक हिपोस्टॅसिस’ म्हणजे उघड सॅबेलियसचे मत वाटे, आणि लॅटिनभाषकांना ‘तीन हिपोस्टॅसिस’ ऐकून तीन देव सांगितल्यासारखे वाटे. ३६२ मध्ये अलेक्झांड्रियाच्या एका परिषदेत अथनेशियसने दोन्ही गटांना आपापला अर्थ सांगायला लावले व दोघांना एकच म्हणायचे आहे असा निर्वाळा दिला. पुढे सिझरियाचा बॅसिल, नाझिअँझसचा ग्रेगरी व निसाचा ग्रेगरी या कॅपाडोशियातील तिघांनी ‘एक ऊसिया, तीन हिपोस्टॅसिस’ ही मांडणी पक्की केली. मराठीत ‘हिपोस्टॅसिस’साठी ‘व्यक्ती’ हा शब्द रूढ आहे. तो दोन्ही बाजूंनी निसरडा आहे. बोलीतली व्यक्ती म्हणजे स्वतंत्र मनाचा माणूस, तेव्हा तीन व्यक्ती म्हटल्यावर तीन देव डोळ्यांपुढे येतात. धातूकडे गेल्यास व्यक्ती म्हणजे जे व्यक्त झाले ते, आणि हा अर्थ थेट सॅबेलियसकडे घेऊन जातो.

सम्राट थिओडोशियसने बोलावलेल्या ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्यालाही पित्यापुत्रासह उपास्य ठरवले, असे मानले जाते. आज उपासनेत म्हटला जाणारा ‘नायसियाचा विश्वासांगीकार’ (श्रद्धेची ठरावीक कबुली) हा वस्तुतः याच परिषदेच्या नावे असलेला पाठ होय. ३२५ चा मूळ पाठ त्याहून लहान असून ‘आणि पवित्र आत्म्यावर’ या शब्दांनंतर थेट शापवचनांकडे, म्हणजे विरोधी मतांच्या धिक्काराकडे, वळतो. मात्र ३८१ चा म्हणून हा पाठ प्रथम वाचला गेला तो ४५१ मध्ये, कॅल्सेडनच्या परिषदेत. मधल्या सत्तर वर्षांत त्याचा स्पष्ट मागमूस नाही. शिवाय एपिफेनियसच्या ३७४ मधील ग्रंथात जवळजवळ हाच पाठ आढळतो. या आधारावर हॉर्ट व हारनाक यांनी त्याचा कॉन्स्टँटिनोपलशी संबंध नाकारला. एपिफेनियसच्या ग्रंथात तो नंतर घुसडला गेला असावा, असे आता अनेकांना वाटते. परिषदेने हा पाठ वापरला, पण नायसियाच्या जागी नवा विश्वासांगीकार देण्याचा तिचा हेतू नव्हता, हे जे. एन. डी. केली यांचे मत सध्या अधिक ग्राह्य मानले जाते.

याच पाठात पुढे पश्चिमेकडे ‘फिलिओक्वे’ (आणि पुत्रापासून) हा लॅटिन शब्द जोडला गेला : आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो. ५८९ च्या टोलेडोच्या परिषदेशी त्याचा संबंध जोडतात, पण तिच्या मूळ कागदपत्रांत तो होता की नाही याविषयी शंका आहे. पोप तिसरा लिओ याने हा सिद्धांत मान्य करूनही पाठात भर घालण्यास नकार दिला आणि तो शब्द नसलेला पाठ चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावला. रोममध्ये ‘फिलिओक्वे’सह हा पाठ १०१४ पासून म्हटला जाऊ लागला. पूर्वेकडील चर्चने हा शब्द कधीच स्वीकारला नाही. पूर्व व पश्चिम चर्चच्या १०५४ मधील फुटीच्या कारणांत त्याची गणना होते.

पुत्र देव आहे हे ठरल्यावर तोच मनुष्य कसा, हा प्रश्न उरला. कॅल्सेडनने एक व्यक्ती, दोन स्वभाव असे उत्तर दिले. ते अमान्य असणारी कॉप्टिक, सिरियन, आर्मेनियन व इथिओपियन चर्चेस वेगळी राहिली. त्रैक्याबाबत मात्र त्यांचा मतभेद नाही.

लॅटिन परंपरेवर ऑगस्टीनचा प्रभाव सर्वाधिक आहे. मनुष्याच्या मनातील स्मृती, आकलन व इच्छा यांत त्याने त्रैक्याचे प्रतिबिंब शोधले, पण दाखला अपुरा असल्याचेही तोच वारंवार बजावतो. पूर्वेचे विचारवंत तिघांपासून आरंभ करून एकाकडे जातात व पश्चिमेचे एकापासून तिघांकडे, ही विभागणी तेओदोर द रेन्यों याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. पाठ्यपुस्तकांत ती अजून आढळते. लुइस एअर्स आदींच्या अलीकडच्या अभ्यासाने ती बरीच खिळखिळी केली आहे.

धर्मसुधारणेनंतरही ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी सिद्धांत कायम ठेवला. तो नाकारणारा मिगेल सेर्व्हेत १५५३ मध्ये जिनीव्हात जाळला गेला. पोलंड व ट्रान्सिल्व्हेनियात एकदेवत्ववादी मंडळ्या उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये त्रैक्य नाकारणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण मिळायला १८१३ उजाडले. आज यहोवाचे साक्षीदार तो अमान्य करतात. यहुदी व इस्लामी परंपरांना तो एकेश्वरवादाशी विसंगत वाटतो. कुराणात ‘तीन म्हणू नका’ (४:१७१) असा निषेध आहे.

विसाव्या शतकात कार्ल बार्टने आपल्या धर्मशास्त्राच्या आरंभीच त्रैक्य ठेवले आणि कार्ल रानर याने देव इतिहासात जसा प्रकटतो तसाच तो स्वतःत आहे, असे सूत्र मांडले. पश्चिमेकडे पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) यानंतरचा पहिला रविवार त्रैक्याचा सण म्हणून पाळतात. पोप बाविसावा जॉन याने १३३४ मध्ये तो सर्वत्र लागू केला. चित्रकलेत अब्राहामाकडे आलेले तीन पाहुणे (उत्पत्ती १८) हे त्याचे जुने प्रतीक असून आंद्रेई रुब्ल्योव्हचे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील चित्र त्यात सर्वश्रुत आहे. मेजाभोवती बसलेल्या त्या तीन देवदूतांपैकी पिता कोणता व पुत्र कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.